घर बघायला निघण्याआधी बँकेची पायरी चढा

आपल्याकडे घरखरेदीची सुरुवात बहुतेक वेळा रविवारी होते. सगळं कुटुंब गाडीत बसून साइटवर जातं. सँपल फ्लॅटमध्ये मुलं आपापली खोली ठरवून मोकळी होतात, आई स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून देव्हारा कुठे बसेल ते बघते, आणि निघताना सेल्सचा मुलगा म्हणतो, "आजच टोकन दिलंत तर हा भाव धरून ठेवतो." एक लाख रुपये मोबाइलवरून जातात. बँक कोणती, कर्ज किती, याचा विचार सोमवारी सुरू होतो.

हा क्रम उलटा करायला हवा. आधी कर्जाची तत्त्वतः मंजुरी, म्हणजे तुमच्या उत्पन्नावर किती कर्ज मिळेल हे सांगणारं बँकेचं पत्र, हातात घ्या, मग रविवार ठरवा. पहिलं घर घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो, कारण मी स्वतः ते केलं नव्हतं. पुण्यात धनकवडीच्या बाजूला जुन्या सोसायटीतला एक वन बीएचके आम्हाला मनापासून आवडला होता. घरमालकांना एक लाख टोकन दिलं, पाच आठवड्यांत करार करायचं ठरलं आणि बँकेत गेलो. तिथल्या मॅडमनी सिबिल रिपोर्ट, म्हणजे माझ्या आजवरच्या कर्जांची आणि कार्डांची नोंद, उघडला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?" आठ वर्षांपूर्वीच्या एका क्रेडिट कार्डाचं खातं होतं, आणि पुढे शेरा होता 'सेटल्ड'. तेव्हा १७ हजारांच्या थकबाकीत ११ हजार भरून मी ते मिटवलं होतं. माझ्या लेखी विषय संपला होता. बँकेच्या लेखी मी पूर्ण पैसे न फेडलेला माणूस होतो. तो शेरा निघायला अडीच महिने गेले. तोवर मुदत उलटली, घर दुसऱ्याला गेलं आणि टोकनमधले निम्मेच पैसे परत मिळाले. ते घर अजूनही रस्त्यात लागतं.

म्हणून खाली जो क्रम देतो आहे, तो याच अनुभवातून आणि नंतर नात्यातल्या, ओळखीतल्या लोकांबरोबर बँकांत बसून तयार झालेला आहे. घर घ्यायचं ठरल्यापासून पहिली साइट बघेपर्यंत यासाठी दोन ते तीन महिने द्या. पितृपक्षात आपल्याकडे कुणी घर बघत नाही, पण कागद गोळा करायला आणि बँकेत चकरा मारायला ते पंधरा दिवस उत्तम आहेत. दसऱ्याच्या मुहूर्ताला मग खरंच तयारीने जाता येतं.

पहिलं काम: सिबिल रिपोर्ट

सगळ्यात आधी हेच, कारण चूक निघाली तर दुरुस्तीला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागतो.

आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण देशात कर्जफेडीची अशी नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कंपनीने तुम्हाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती मनातून काढून टाका. स्कोअर ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो. ७५० च्या वर असेल तर बहुतेक बँका चांगला दर देतात, त्याखाली गेलं की दर वाढत जातो, आणि फार खाली असेल तर अर्जच मागे पडतो.

पण नुसता आकडा बघून रिपोर्ट बंद करू नका. सगळी पानं वाचा. माझ्यासारखं 'सेटल्ड' किंवा 'रिटन ऑफ' (बँकेने बुडीत धरलेलं) लिहिलेलं खातं आहे का? बंद केलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का? फ्रिज किंवा मोबाइल हप्त्यावर घेतला होता, त्याचा शेवटचा हप्ता राहिलेला दिसतोय का? नाव, पॅन, जन्मतारीख बरोबर आहे का? लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या रिपोर्टमध्ये अर्धी खाती एका नावावर आणि अर्धी दुसऱ्या नावावर असं मी दोनदा पाहिलं आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात फार घडते: जामीन. मित्राला, मेहुण्याला सहकारी बँकेतून कर्ज हवं होतं, आपण भिडेखातर सही केली आणि विसरून गेलो. ते कर्ज तुमच्या रिपोर्टमध्ये जामीनदार म्हणून दिसतं. त्याचे हप्ते थकले असतील तर त्याचा भार तुमच्या अर्जावर येतो. पतसंस्थेतला जामीन रिपोर्टमध्ये बहुधा दिसणार नाही, पण बँकेच्या अर्जात तुम्ही कुणाला जामीन आहात का हा प्रश्न असतो, आणि तिथे खरंच लिहायचं असतं. तेव्हा आधी आठवून त्या माणसाला फोन करा आणि कर्जाची स्थिती विचारा.

चूक सापडली तर त्याच वेबसाइटवर तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, असा नियम आहे. 'सेटल्ड' खातं असेल तर त्या बँकेकडे जाऊन उरलेली रक्कम लेखी विचारा, भरा, नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या आणि खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवायला सांगा. तोंडी आश्वासनावर परत येऊ नका. बँका आता ही माहिती महिन्यातून निदान दोनदा पाठवतात, त्यामुळे बदल दिसायला पूर्वीसारखा फार काळ लागत नाही. वेळ जातो तो त्या बँकेत योग्य टेबल सापडेपर्यंत.

दुसरं काम: आपला आकडा, बँकेचा आकडा

बँक तुमच्या हातात येणाऱ्या पगाराचा एक हिस्सा हप्त्यांसाठी धरते. साधारण ४० ते ६० टक्के, पगार जसा मोठा तसा हिस्सा मोठा. त्यातून चालू असलेले हप्ते वजा होतात. जे उरतं, तेवढ्या हप्त्यात बसेल ते कर्ज.

एक उदाहरण घेऊ. नवरा चाकणच्या कारखान्यात, हातात ६० हजार. बायको खासगी शाळेत, हातात ३२ हजार. मिळून ९२ हजार. बँकेने निम्मे धरले तर ४६ हजार. दुचाकीचा ४,२०० चा हप्ता चालू आहे, म्हणजे उरले ४१,८००. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी एक लाखाला महिना साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. हा ८६८ चा आकडा लक्षात ठेवा, तोंडी हिशेबाला फार उपयोगी पडतो. ४१,८०० ला ८६८ ने भागलं की ४८ लाख येतात. बँक म्हणेल, तुम्हाला ४८ लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं.

पण बँकेला गावाकडे दर महिन्याला पाठवायचे पैसे दिसत नाहीत. वडिलांची बीपी-शुगरची औषधं, जूनमधली शाळेची फी, बहिणीच्या मुलीच्या लग्नातला आहेर, काहीच दिसत नाही. म्हणून घरातल्या दोघांनी बसून मागच्या सहा महिन्यांची पासबुकं समोर ठेवावीत आणि न ओढता दर महिन्याला किती निघतील ते काढावं. आता भाडं जातंय ते वाचेल, हे त्यात धरा. पण सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर नव्याने येईल, हेही धरा. समजा त्यांचा आकडा ३३ हजार आला. म्हणजे ३८ लाखांचं कर्ज. बँकेचा आकडा ४८, त्यांचा ३८. घर या दुसऱ्या आकड्यावर बघायचं. मधले दहा लाख मिळतात म्हणून घेतले की पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक जून महिना जड जातो.

स्वतःचा आकडा खरा आहे का, याची एक सोपी परीक्षा आहे. अर्ज करण्याआधी तीन महिने, ठरवलेला हप्ता वजा सध्याचं भाडं एवढी रक्कम पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि तिला हात लावू नका. तीनही महिने जमलं तर आकडा बरोबर. नाही जमलं, तर हप्ता सुरू होण्याआधीच कळलं.

मुदतीबद्दल एवढंच सांगतो: ४० लाखांना साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांत साधारण ४३ लाख व्याज जातं, आणि ३० वर्षांत जवळपास ७१ लाख. हप्त्यात फरक महिन्याला चार हजारांचा. नोकरदाराला बँक सहसा निवृत्तीच्या वयापर्यंतच मुदत देते, त्यामुळे पंचेचाळिशीत अर्ज केला तर ३० वर्षांचा प्रश्नच येत नाही.

आणि दर कायम राहत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. ज्याने ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ४० लाख घेतले होते त्याचा हप्ता ३१ हजारांच्या आसपास होता. साडेनऊ टक्क्यांनी तोच ३७ हजारांच्या वर जातो. म्हणून तुमच्या आकड्यात दोन-अडीच टक्के दरवाढ पेलण्याची जागा ठेवा.

तिसरं काम: हाताशी रोख किती लागेल

बहुतेक लोकांचा हिशेब इथेच चुकतो. घराची पूर्ण किंमत बँक देत नाही. रिझर्व्ह बँकेची मर्यादा अशी आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत. बाकीचे तुमचे. बँकेत याला 'मार्जिन' म्हणतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत (१० लाखांपर्यंतच्या स्वस्त घरांना तेवढी सूट आहे). म्हणजे तोही खर्च खिशातूनच.

आपल्या उदाहरणातल्या जोडप्याने पुण्यात ४८ लाखांचा रीसेल फ्लॅट घेतला असं धरू. कर्ज ३८, मार्जिन १० लाख. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळं मिळून ७ टक्के, म्हणजे ३ लाख ३६ हजार. मुंबईत ते ६ टक्के आहे. नोंदणी फी १ टक्का, पण ३० लाखांच्या वरच्या घराला ३० हजारांवर थांबते. एजंटला एक टक्का, ४८ हजार. बँकेची प्रोसेसिंग फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीचा शोध), व्हॅल्युएशन, सोसायटीची ट्रान्सफर फी, कर्जाच्या नोंदीचा मुद्रांक असे किरकोळ वाटणारे खर्च मिळून ५० हजार धरा. बेरीज साधारण १४ लाख ६० हजार. ज्याच्याकडे १० लाख जमलेत आणि जो "मार्जिन तयार आहे" म्हणतो आहे, त्याला अजून साडेचार लाख कमी आहेत. आणि यात पंखे, पडदे, गॅसची पाइपलाइन यांतलं काहीच नाही.

घर एकट्या महिलेच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. ४८ लाखांवर ४८ हजार वाचतात. काही बँका महिला अर्जदाराला व्याजदरातही थोडी सूट देतात. घरात यावर मोकळेपणाने बोलून ठरवा. कर्ज दोघांच्या उत्पन्नावर असेल तर नाव कुणाचं हा निव्वळ कराचा प्रश्न उरत नाही.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर एजंट नसेल, पण ५ टक्के जीएसटी येईल. ४५ लाखांपर्यंतच्या, ठरावीक चटई क्षेत्राच्या आतल्या परवडणाऱ्या घरांना तो १ टक्का आहे. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घराला जीएसटी लागत नाही. घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायची जबाबदारी तुमची आहे.

मार्जिनसाठी पर्सनल लोन काढू नका. त्याचा हप्ता तुमच्या पात्रतेतून कापला जातो, म्हणजे एका हाताने घेतलेलं दुसऱ्या हाताने जातं. पीएफमधून घरासाठी पैसे मिळतात. पण केवायसी, जुन्या कंपनीचं खातं जोडणं, नावातला फरक यात आठवडे जातात, म्हणून ते आत्ताच तपासून घ्या. सासऱ्यांनी किंवा भावाने पैसे दिले तर बँकेतूनच घ्या. रोख घेतलेली रक्कम पुढे कागदावर दाखवता येत नाही.

रोखीवरून आणखी एक. रीसेलमध्ये अजूनही "इतके व्हाइट, इतके कॅश" असं सांगणारे भेटतात. बँक करारातली किंमत आणि तिच्या व्हॅल्युअरने काढलेली किंमत यांतली जी कमी असेल तिच्यावर कर्ज देते. ४८ चं घर करारात ४० ला दाखवलं तर कर्ज ३२ वर येतं आणि ८ लाख रोख तुम्हाला उभे करावे लागतात. शिवाय ते बेकायदा आहे, आणि उद्या घर विकताना तुमची खरेदी किंमत ४० लाखच धरली जाते. असं घर सोडून द्या.

चौथं काम: कागद

नोकरदाराला पॅन, आधार, तीन महिन्यांची पगारपत्रकं, दोन वर्षांचे फॉर्म १६, पगार जमा होतो त्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि चालू कर्जांचे कागद लागतात. व्यवसाय असेल तर तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, सीएने सही केलेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक, जीएसटी भरत असाल तर त्याचे रिटर्न, उद्यम किंवा शॉप ॲक्टची नोंदणी आणि करंट खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट. किराणा, गॅरेज, टेलरिंग चालवणाऱ्या माणसाची खरी कमाई चांगली असते, पण कर वाचवायला विवरणपत्रात ती कमी दाखवलेली असते. बँक विवरणपत्रच बघते. दोन-तीन वर्षांनी घर घ्यायचं असेल तर यंदापासून खरा आकडा दाखवायला लागा, दुसरा मार्ग नाही.

खात्यात चेक किंवा हप्ता परत गेल्याची नोंद असेल तर अधिकारी त्याबद्दल विचारतोच. अर्जाआधीचे सहा महिने खातं स्वच्छ ठेवा. या काळात नवीन फोन हप्त्यावर घेऊ नका, आणि शक्य असेल तर नोकरीही बदलू नका.

पाचवं काम: अर्ज कुठे आणि कसा

तुमच्यापुढे तीन प्रकारचे दरवाजे आहेत. राष्ट्रीयीकृत आणि खासगी बँका, गृहकर्ज कंपन्या, आणि सहकारी बँका. मोठा फरक दराच्या रचनेत आहे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक वेळा रेपो दराला, जोडावी लागतात. रेपो खाली आला की तीन महिन्यांच्या आत तुमचा दर खाली यायला हवा. गृहकर्ज कंपन्या त्यांच्या स्वतःच्या आधारदरावर चालतात, तो कधी आणि किती बदलायचा ते त्या ठरवतात. मात्र उत्पन्न जरा आडवळणाचं असेल किंवा कागद थोडे कमी असतील तर त्या जास्त समजून घेतात. सहकारी बँकेत ओळख उपयोगी पडते, पण मोठ्या कर्जाला मर्यादा असते.

माझं मत विचाराल तर पगार जमा होतो ती बँक आणि आणखी एक, अशा दोनच ठिकाणी अर्ज करा. कर्ज मिळवून देणारे एजंट, ज्यांना डीएसए म्हणतात, ते कधी कधी एकाच आठवड्यात पाच बँकांत फाइल टाकतात. प्रत्येक बँकेने केलेली चौकशी रिपोर्टमध्ये उमटते आणि स्कोअर खाली येतो. एजंटला कागद देताना "माझ्या परवानगीशिवाय लॉगिन करू नका" (म्हणजे बँकेत अर्ज टाकू नका) हे मेसेजवर लिहून द्या. सही केलेले कोरे अर्ज कुणाच्याही हाती ठेवू नका.

शाखेत जाऊन नेमकं काय मागायचं? "घर अजून ठरलेलं नाही, मला माझ्या उत्पन्नावर तत्त्वतः मंजुरी हवी आहे." याला प्री-अप्रूव्हल किंवा इन-प्रिन्सिपल सँक्शन म्हणतात. मोबाइलवर "आपको ५० लाख का लोन मंजूर" असा जो मेसेज येतो तो हे नव्हे. ती जाहिरात असते. खऱ्या पत्राआधी बँक तुमचे कागद तपासते, नोकरीच्या ठिकाणी चौकशी करते, कधी घरी माणूस पाठवते. साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा परत मिळत नाही, म्हणून आत्ता किती घेणार आणि घर ठरल्यावर किती, हे आधीच विचारा. सणांच्या दिवसांत काही बँका ती माफ करतात.

दोन्हीकडचे आकडे आले की तुलना व्याजदरावर करू नका. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत केएफएस नावाचं एक पत्रक देणं सक्तीचं आहे. त्यात सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. तो दोन्हीकडचा शेजारी ठेवा. त्याच पत्रकात विम्याचा हप्ता कर्जात मिळवला आहे का तेही दिसेल. कर्जासोबत बँकेचाच विमा घेणं कायद्याने सक्तीचं नाही. विमा मात्र हवाच. साधा टर्म प्लॅन वेगळा घेतला तर बहुधा स्वस्त पडतो आणि बँक बदलली तरी चालू राहतो. बदलत्या दराच्या व्यक्तिगत गृहकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड लागत नाही, मग तुम्ही बोनसचे पैसे भरा किंवा कर्ज दुसऱ्या बँकेत न्या.

वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असेल आणि देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नसेल, तर शहरांसाठीच्या प्रधानमंत्री आवास योजना २.० बद्दल शाखेत जरूर विचारा. ३५ लाखांपर्यंतच्या घराला आणि २५ लाखांपर्यंतच्या कर्जाला, पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान आहे, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. मोठ्या शहरात या किमतीत घर सापडणं कठीण, पण सातारा, जळगाव, लातूर अशा ठिकाणी सापडतं.

मंजुरीपत्र हातात आल्यावर

पत्र शांतपणे वाचा. रक्कम, दर, मुदत, आणि पत्र किती दिवस चालेल. सहसा तीन ते सहा महिने. खाली बारीक अक्षरांत अटी असतात: अमुक कर्ज बंद करून दाखवा, सहअर्जदार घ्या. त्या आत्ताच पूर्ण करा.

आणि हे पक्कं समजून घ्या की ही मंजुरी माणसाची आहे, घराची नाही. घर ठरलं की बँकेचा वकील मालकीचे कागद तपासतो आणि इंजिनिअर जागेवर जाऊन मोजमाप व किंमत काढतो. या दोन तपासण्यांत घर नापास झालं तर पत्र हातात असूनही कर्ज मिळत नाही. म्हणून घरं बघतानाच बँकेच्या चष्म्यातून बघायचं.

नवीन प्रकल्प असेल तर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागा आणि वेबसाइटवर स्वतः उघडून बघा. तुमच्या बँकेने तो प्रकल्प आधीच मंजूर केला असेल तर अर्धं काम झालेलं असतं. कोणत्या बँकांनी केलाय ते साइट ऑफिसमध्ये विचारा. एकाही राष्ट्रीयीकृत बँकेचं नाव आलं नाही तर थांबून कारण शोधा.

रीसेलमध्ये पहिल्या मालकापासूनचे सगळे नोंदणीकृत करार, प्रत्येकाची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र आणि सोसायटीची एनओसी देण्याची तयारी, एवढं आहे का ते टोकनआधी विचारा. मधला एखादा जुना करार हरवलेला असणं हे कर्ज अडण्याचं फार नेहमीचं कारण आहे. विकणाऱ्याचं स्वतःचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतात. व्यवहार होतो, पण दोन बँकांचा ताळमेळ लागायला तीन-चार आठवडे जास्त धरा.

शहराच्या कडेला गुंठ्यात विकलेल्या जागा, नोटरीवर झालेले व्यवहार, बिगरशेती न झालेल्या जमिनीवरची घरं स्वस्त दिसतात. बहुतेक बँका त्यांना हात लावत नाहीत. "आमच्या ओळखीची पतसंस्था देईल कर्ज" असं विकणाराच म्हणाला, तर मोठ्या बँका का देत नाहीत याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे.

पत्र जवळ असण्याचा एक फायदा मला दुसऱ्या वेळी दिसला. सिंहगड रस्त्यावरच्या घराच्या मालकांना आमच्याआधी एकांनी लाखभर जास्त भाव सांगितला होता, पण त्यांच्या कर्जाचा पत्ता नव्हता. आम्ही पत्र टेबलावर ठेवलं. काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, "आम्हाला मुलीकडे नाशिकला जायचंय, दोन महिन्यांत पैसे मिळणार असतील तर तुमच्याशीच बोलू."

टोकन द्यायची वेळ आली की रक्कम लहान ठेवा, चेकने किंवा ऑनलाइन द्या, आणि साध्या कागदावर का होईना पण दोघांच्या सह्यांची पावती करा. नवीन प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. रीसेलमध्ये असं संरक्षण नाही, तिथे पावतीतला मजकूरच तुमचं संरक्षण. त्यात फ्लॅट नंबर, ठरलेली किंमत, करार किती दिवसांत, आणि हे एक वाक्य हवंच: "मालमत्तेच्या कागदपत्रांतील त्रुटीमुळे किंवा बँकेच्या तांत्रिक वा कायदेशीर तपासणीत कर्ज नामंजूर झाल्यास टोकनची संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत केली जाईल." विकणारा या वाक्याला तयार नसेल तर टोकन देऊ नका. काकांनी ते वाक्य स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. ती पावती मी घराच्या फाइलमध्ये अगदी वर लावली आहे.